दहा श्वासांना एक मणी

लहान मुलाला नुसती सर्दी झालीय की न्यूमोनिया, हे ठरवायला शहरातला डॉक्टर छातीला नळी लावतो, शंका वाटली तर एक्स-रे काढायला सांगतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीच्या खेड्यांत यातलं काहीच नव्हतं. दाई होती. तिला बाळ बघायची नजर होती, पण पन्नास-साठपर्यंत सलग मोजायची सवय नव्हती. मग तिच्यासाठी एक साधन तयार झालं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि जोडीला ओवलेले मणी. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघत श्वास मोजायचे, दहा झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मण्यांची एक ओळ, मोठ्या मुलांसाठी दुसरी. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद असतो, म्हणून हा भेद.

ग्रामीण आरोग्याचं संशोधन म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायचं असेल, तर मी या मण्यांपासून सुरुवात करतो.

आधी श्वासाचं बघू. फुप्फुसात हवेच्या बारीक बारीक पिशव्या असतात, वायुकोश. न्यूमोनियात त्यांत पू आणि पाणी भरतं, फुप्फुस ताठर होतं, नेहमीसारखं फुलत नाही. प्रत्येक श्वासात हवा कमी मिळते. बाळाचं शरीर मग एकच करू शकतं, श्वासांची संख्या वाढवणं. म्हणजे नुसती संख्या मोजली तरी आतल्या बिघाडाचा अंदाज येतो. पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे नीट तपासून मांडलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार मर्यादा ठरवल्या: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. एक्स-रे नसलेल्या जागी केलेलं हे संशोधन एक्स-रे नसलेल्या जागांसाठीच होतं.

पण मर्यादा कागदावर असून भागत नाही. ती कुणाच्या तरी हातात यावी लागते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तिथे हा मण्यांचा उपाय निघाला. दाया, गावातले आरोग्यसेवक आणि निमवैद्यकीय कर्मचारी न्यूमोनिया ओळखून तोंडाने द्यायचं साधं प्रतिजैविक देऊ लागले. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे आकडे आले. त्यांनी उपचार केलेल्या ६१२ आजारी मुलांत दगावण्याचं प्रमाण ०.८ टक्के होतं. उपक्रम नसलेल्या तुलनेच्या भागात ते १३.५ टक्के होतं. औषध तेच, जे सरकारी दवाखान्यातही असतं. फरक पडला तो मूल आणि औषध यांच्यातलं अंतर मिटल्यामुळे.

संशोधन म्हटलं की डोळ्यांसमोर काचेची नळकांडी येतात. गावात ते मोजणीपासून सुरू होतं, आणि ही मोजणी दिसते तितकी सोपी नसते. समजा, एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात वर्षभरात वीस बाळं दगावली. हे जास्त की कमी? सांगता येत नाही. जन्मली किती, हे माहीत नाही. घरीच जन्मून घरीच गेलेली किती, तेही माहीत नाही. शाळेतला अपूर्णांक आठवा. दवाखान्याकडे अंश असतो, छेद नसतो. छेद गावात असतो, आणि तो मिळवायला दारोदार फिरावं लागतं. एकदा नाही, वर्षानुवर्षं.

छेद मिळाला की काय होतं, याचं माझ्या मते सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे १९८९ साली प्रसिद्ध झालेला बंग दांपत्याचा अभ्यास. त्या काळी ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच हिशोब असायचा. त्यांनी दवाखान्यात आलेल्या बायका न बघता दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. सरासरी काढली तर एकेका बाईला ३.६ विकार. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया? जेमतेम ८ टक्के. अंगावरून पांढरं जाणं, कंबर धरणं, पाळीचा त्रास हे त्या बायका आयुष्यभर सोसत होत्या. त्यांना ते ठाऊक होतंच. ठाऊक नव्हतं ते वैद्यकशास्त्राला. ‘गावात अज्ञान फार’ असं आपण सहज म्हणून जातो, तेव्हा हा अभ्यास मला आठवतो.

मोजणीतली एक गंमत सांगतो, गंमत म्हणायला जीभ रेटत नाही तरी. एखाद्या भागात मृत्यूंची नोंद नीट व्हायला लागली की पहिल्या वर्षी मृत्यू वाढल्यासारखे दिसतात. खरं तर आधी न दिसणारे आता दिसू लागलेले असतात. जन्मून तासाभरात गेलेलं बाळ पूर्वी ‘मेलेलंच जन्मलं’ म्हणून सोडून दिलं जायचं किंवा नोंदलंच जायचं नाही. त्यामुळे प्रामाणिक नोंद करणाऱ्याचा आकडा वाईट दिसतो आणि न करणाऱ्याचा चांगला. वरिष्ठांनी आकड्यावरून रागवायचं ठरवलं, की नोंदी पुन्हा आटतात. म्हणून मोजणारा आणि काम करणारा वेगळा ठेवणं, दोघांच्या नोंदी ताडून बघणं, ही संशोधनाची शिस्त निव्वळ कागदी नाही. मृत्यूचं कारण शोधायलाही अशीच पद्धत लागते. शवविच्छेदन शक्य नसतं, तेव्हा प्रशिक्षित माणूस काही दिवसांनी घरी जाऊन आईशी बोलतो: बाळ रडलं होतं का, दूध ओढत होतं का, अंग गार पडलं होतं का. या उत्तरांवरून कारण ठरवतात. याला मौखिक शवविच्छेदन म्हणतात. शब्द कोरडा आहे, काम अजिबात कोरडं नाही. तिथे आईचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावे लागतात. विदर्भात ‘डब्बा’ म्हटलं की मुलाचा धाप लागणारा आजार, हे माहीत नसलेल्या माणसाने प्रश्नावली भरली तर न्यूमोनिया कागदावरून गायब होईल.

आता उपाय लागू पडतो की नाही, हे कसं ठरवायचं? औषध तपासायचं असेल तर अर्ध्या रुग्णांना ते देतात, अर्ध्यांना नाही. पण उपाय ‘गावातली एक बाई घरोघर जाऊन बाळं बघेल’ असा असेल, तर एकाच गावातल्या या घराला तिने जायचं आणि शेजारच्या घराला नाही, हे शक्य नाही. पाणवठ्यावर सगळं सगळ्यांना कळतं. म्हणून अशा प्रयोगात माणसांऐवजी अख्खी गावं वाटून घेतात. काही गावांत उपक्रम चालतो, काहींत नेहमीच्या सेवाच चालू राहतात, आणि जन्म-मृत्यू दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे मोजतात. तुलनेची गावं कशाला? कारण काळ थांबत नाही. रस्ता होतो, पाऊस बरा पडतो, लस पोचते. मृत्यू आपोआपही कमी होतात. आपोआप किती कमी झाले, ते तुलनेच्या गावांवरून समजतं. ते वजा करून जे उरेल तेवढं श्रेय उपक्रमाचं.

नवजात बाळांसाठी गडचिरोलीत हाच मार्ग धरला गेला. ३९ गावांत उपक्रम, ४७ गावं तुलनेला. १९९३ ते ९५ नुसती नीट मोजणी. मग गावातल्याच, थोडं शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘आरोग्यदूत’ केलं. बाळंतपणाला हजर राहायचं, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, वजन करायचं, बाळ उबेत ठेवायला शिकवायचं, छातीला लावायला मदत करायची. आणि जंतुसंसर्गाची खूण दिसली तर आईवडिलांच्या संमतीने प्रतिजैविक द्यायचं, त्यात जेंटामायसिनचं इंजेक्शनही. यावर वैद्यकीय वर्तुळात भुवया उंचावणं साहजिक होतं: डॉक्टर नसलेल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचायची? उत्तर वादाने नाही, मोजणीने मिळालं. उपक्रमाच्या गावांत आधी दर हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५च्या आसपास आला. तुलनेच्या गावांतला बदल वजा केल्यावर घट ६२ टक्के भरली. (दोन ‘६२’ एकाच ठिकाणी आले आहेत, योगायोग आहे, वाचताना गफलत होते, म्हणून सांगितलं.)

या अभ्यासाची एक उणीव सांगायलाच हवी. कोणत्या गावात उपक्रम आणि कोणत्या गावात नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. चिठ्ठ्या टाकल्या की निवडणाऱ्याच्या मनातली आवडनिवड बाद होते. त्यामुळे शंकेला थोडी जागा राहिली, आणि शास्त्रात अशा शंकेवर इलाज एकच, दुसऱ्यांनी दुसरीकडे करून बघणं. बांगलादेशात सिल्हेटमध्ये चिठ्ठी पद्धतीने असाच प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ साली आले: घरी जाऊन काळजी घेतलेल्या गटात नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. परिणाम गडचिरोलीइतका मोठा नाही, पण दिशा तीच. भारत सरकारने २०११मध्ये घरगुती नवजात काळजी ‘आशां’च्या कामात आणली. बाळंतपण दवाखान्यात झालं तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात, आणि सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये. इंजेक्शन मात्र सर्वसाधारण आशांच्या कामात आलं नाही. छोट्या जागी सिद्ध झालेली गोष्ट देशभर जाताना तिच्यातलं काही गळतं, आणि गळतं ते बऱ्याचदा तिच्यातलं सगळ्यात अवघड अंग असतं.

‘लोकसहभाग’ हा शब्द अहवालांनी इतका झिजवलाय की वापरताना संकोच वाटतो. गावकऱ्यांना सभेला बसवून टाळ्या घेतल्या की तो झाला, असं समजणारे पुष्कळ. कसोटी सोपी आहे: गावाने सांगितल्यामुळे तुमच्या योजनेत काही बदललं का? जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली गेले, तेव्हा दवाखान्याआधी लोकांना पाणी आणि अन्न हवं होतं, आणि काम तिथून सुरू झालं. आरोग्यसेविका गावाने निवडायच्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि वंचित जातींतल्या होत्या. दर आठवड्याला त्या शिकायला जामखेडला यायच्या. गडचिरोलीत आदिवासी लोकांना मोठ्या इमारतीचं इस्पितळ परकं वाटायचं, तर इस्पितळ झोपड्यांसारखं बांधलं आणि नाव दिलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

याहून थेट पुरावा हवा असेल तर नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात मिळतो. तिथे औषध वाटलं नाही की इंजेक्शन दिलं नाही. बायकांचे गट केले, महिन्यातून एकदा बैठक. बैठक चालवणारी स्थानिक बाई होती, परिचारिका नव्हे. ती उपदेश करायची नाही, विचारायची: आपल्याकडे बाळं कशाने जातात? मग त्यातलं आपल्या हातात काय आहे? गटांनी आपापले मार्ग काढले. कुणी आडवेळेसाठी पैशांचा फंड केला, कुणी बाळंतिणीला न्यायला डोलीची सोय केली, कुणी स्वच्छ बाळंतपणाचं साहित्य तयार ठेवलं. २००४ साली आकडे आले: नवजात मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. झारखंड-ओडिशात ‘एकजुट’ संस्थेने हेच केलं, चित्रांची कार्डं आणि खेळ वापरून. तिथे तीन वर्षांत घट ३२ टक्के.

मात्र बांगलादेशात हाच प्रयोग पहिल्यांदा फसला. बायकांचे गट होते, बैठका होत्या, मृत्यूत म्हणावा असा फरक नव्हता. हा निष्कर्षही प्रसिद्ध झाला, आणि मला तो यशाच्या निष्कर्षांइतकाच मोलाचा वाटतो. कारण मग तिन्ही ठिकाणचे तपशील शेजारी मांडून बघता आले. झारखंड-ओडिशात साधारण ४७० लोकसंख्येमागे एक गट होता, नेपाळात साडेसातशेमागे, बांगलादेशात चौदाशेमागे. गट इतके विरळ की बहुतेक गरोदर बायका कुठल्याच बैठकीला पोचत नव्हत्या. गट दाट केल्यावर तिथेही मृत्यू घटले. २०१३ साली अशा सात प्रयोगांचा एकत्र हिशोब झाला, त्यातूनही हेच निघालं: गरोदर बायकांपैकी किमान तीस टक्के गटात येत असतील तिथे परिणाम ठळक, नाहीतर नाही. म्हणजे सहभागाचीही मात्रा असते, गोळीसारखी. अर्धी दिली तर गुण येत नाही.

भागीदारीत संमतीचाही भाग येतो. सरपंचाने किंवा ग्रामसभेने होकार दिला म्हणजे घरातल्या बाईने दिला असं होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या नीतिनियमांतही गावाची परवानगी आणि प्रत्येक व्यक्तीची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्ताचे नमुने घेऊन गेलेली गाडी पुन्हा गावात दिसलीच नाही, हा अनुभव असलेली गावं पुढच्या गाडीला दार उघडत नाहीत. त्यांचं काय चुकलं?

मोजणी आणि लोकसहभाग यांच्यानंतर विज्ञान लोकांपर्यंत पोचवणं हा तिसरा धागा. इथे सगळ्यात मोठा गैरसमज असा, की सोप्या भाषेत सांगितलं की झालं. जुलाबाच्या औषधाची गोष्ट घ्या. पटकीत आतड्याचा बराच कारभार बिघडतो, पण एक वाट शाबूत राहते: साखर आत जाताना मीठ सोबत नेते आणि मिठामागे पाणी जातं. म्हणून नुसतं पाणी पाजून भागत नाही, मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात लागते. १९७१च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा त्यांनी हे पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती पाजायला दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आलं.

हे ज्ञान बांगलादेशातल्या घराघरांत न्यायचं ‘ब्रॅक’ संस्थेने १९८०मध्ये हाती घेतलं. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बायका घरी जाऊन आईकडूनच ते करवून घ्यायच्या, दहा मुद्दे समजावायच्या. महिन्याभराने दुसरेच लोक काही घरं निवडून आईला काय आठवतंय ते विचारायचे, आणि शिकवणारीचा पगार त्यावर ठरायचा. सांगितलं किती, याला पैसे नव्हते. कळलं किती, याला होते. तरी सुरुवातीला फसगत झालीच. आयांना मुद्दे तोंडपाठ, पण मुलाला जुलाब झाल्यावर ते पाणी पाजणाऱ्या थोड्याच. चौकशी केल्यावर दोन गोष्टी समजल्या. शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत होत्या. आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना ते पाणी कसं काम करतं हे नीट दाखवलं, त्या लोकांसमोर स्वतः घोट घेऊ लागल्या, आणि पुरुषांना बाजारात आणि मशिदीत गाठलं. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली.

मात्र प्रत्येक अडचण समजावून सांगण्याने सुटते असंही नाही. राजस्थानात उदयपूरकडच्या १३४ खेड्यांत मुलांच्या लसीकरणाचा प्रयोग झाला. नेहमीची व्यवस्था होती तिथे पूर्ण लसीकरण ६ टक्के. ठरल्या दिवशी न चुकता गावात शिबिर भरवलं तिथे १८ टक्के. शिबिराला दर लसीमागे एक किलो डाळ जोडली, तिथे ३९ टक्के. डाळीसाठी आलेल्या आईने लसीला विरोध केला असता का? तिला लस नको नव्हती. मजुरी बुडवून आज जावं की पुढच्या वेळी, एवढाच तिचा हिशोब होता. अशा जागी भिंतीवर घोषवाक्य रंगवणं म्हणजे रंगाचा खर्च.

आता खेड्यांतला आजारही बदललाय. लकवा, हृदयविकार, साखर. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, आणि गोळीने तो उतरला तरी काही जाणवत नाही. धाप लागलेलं बाळ आईला दिसतं, हे दिसत नाही. ‘बरं वाटतंय, मग गोळी कशाला?’ या प्रश्नात तर्क आहे, त्याला अडाणीपणा म्हणून झटकता येत नाही. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण वस्त्यांत गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी नियमित घरी जाऊन रक्तदाब मोजला, बोलत राहिले, गरज पडली तिथे दवाखान्याशी गाठ घालून दिली. दोन वर्षांनी त्यांच्या भागात वरचा रक्तदाब तुलनेच्या वस्त्यांपेक्षा सरासरी पाच अंकांनी जास्त उतरला होता.

चीनमध्ये ६०० खेड्यांत वेगळीच वाट काढली. तिथे समजावण्यावर भिस्त ठेवली नाही, मीठच बदललं. नेहमीच्या मिठात साधारण पाव हिस्सा पोटॅशियमचं मीठ मिसळलेलं. सुमारे २१ हजार माणसं, जवळपास पाच वर्षं. २०२१ साली निष्कर्ष आला, लकवा १४ टक्क्यांनी कमी. गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना मात्र या प्रयोगात घेतलं नव्हतं, कारण त्यांच्या शरीरात पोटॅशियम साठून हृदयाला धोका होऊ शकतो. असं मीठ एखाद्या गावात न्यायचं झालं, तर तिथल्या किती जणांची मूत्रपिंडं दुबळी आहेत हे आधी माहीत असावं लागेल. म्हणजे पुन्हा दारोदार फिरून छेद गोळा करण्यापासून सुरुवात.